छज्ज्यावरचा उतार

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याचा दरवाजा लॅपटॉपच्या पडद्यावर गोल फिरत होता. खरा दरवाजा दहा पावलांवर, मार्चच्या उन्हात तापलेला. पडद्यावरचा मात्र देवडीच्या सावलीत, गार. फोटोंवरून केलेलं त्रिमिती मॉडेल नुकतंच तयार झालं होतं. दगडाचे टवके, चुन्याचे डाग, निवडणुकीच्या पोस्टरचा खरवडून उरलेला कोपरा, सगळं जिथल्या तिथं. वाड्यातलेच एक काका कपाळावरचा चष्मा खाली ओढून बघत उभे होते. दरवाजा फिरता फिरता वरून दिसायला लागला, तसं त्यांनी छज्ज्यावर बोट ठेवलं. "पाहा न भाऊ, पाणी थांबू नये म्हणून कसा उतार देला जुन्या लोकाइनं." आजूबाजूच्या तिघाचौघांनी माना डोलावल्या. त्या उतारावर पावसाचे वाटावेत असे काळपट ओघळसुद्धा होते. पुरावा म्हणून अजून काय हवं?

तो उतार जुन्या लोकांनी दिलेला नव्हता. सॉफ्टवेअरनं दिला होता.

फोटो सगळे रस्त्यावरून काढलेले. छज्ज्याची खालची बाजू, पुढची कड, त्याला पेलणारे हस्त, हे सारं फोटोंत होतं. वरची बाजू एकाही फोटोत नव्हती. रस्ता वीस फुटी. समोरच्या दुकानाच्या भिंतीला पाठ टेकवून पाच फुटांवर कॅमेरा धरला, तरी बारा फूट उंचीवरचा, दीड फूट पुढे आलेला छज्जा आपल्यामागची सुमारे सात इंच भिंत झाकून टाकतो. म्हणजे सॉफ्टवेअर फोटोंवरून आधी जो बिंदूंचा ढग काढतं, त्यात छज्ज्याची कड आहे, सात इंचांवरची भिंत आहे आणि मधे काहीच नाही. पुढच्या पायरीला बिंदूंवरून सलग पृष्ठभाग विणला जातो. त्यासाठी वापरली जाणारी पॉयसन पद्धत हाताशी असलेल्या बिंदूंच्या आणि त्यांच्या तोंडांच्या दिशेवरून एक बंद कवच काढते, आणि बंद कवच म्हटलं की भोक चालत नाही. मग डफावर कातडं ताणावं तसा कडेपासून भिंतीपर्यंत एक गुळगुळीत पडदा ताणला जातो. दीड फुटाला सात इंच, एकवीस अंशांच्या आसपास. हा कोन दगडाचा नाही, समोरच्या दुकानापासून छज्ज्याच्या कडेपर्यंत गेलेल्या कॅमेऱ्याच्या नजरेचा आहे. आणि ओघळ? त्या पडद्याला रंग द्यायला एकही फोटो नव्हता, म्हणून शेजारचा रंग ओढून लावला गेला. ओढलेला रंग ओघळासारखा दिसतो.

काकांची यात काही चूक नाही. पंधरा फुटांवरून पोस्टरचा कोपरा अचूक दाखवणारी वस्तू दीड फुटाच्या छज्ज्याबद्दल थाप मारेल, असं कोणाला वाटेल? मॉडेलमधली खोटी जागा खऱ्या जागेइतक्याच आत्मविश्वासानं चमकते, ही खरी अडचण. जुन्या हातनकाशात जिथं मोजमाप मिळालं नाही तिथं रेघ तुटक व्हायची. ड्राफ्ट्समन तिथं पेन्सिल उचलायचा. इथं पेन्सिल उचलली जात नाही.

फोटोंवरून मापं आणि आकार काढण्याच्या या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात. आता फोटोग्रामेट्री म्हणजे नुसते खूप फोटो काढणं, असा एक समज आहे. मोबाईल हातात धरून दरवाज्याभोवती फेरी मारली की झालं. होतंही, पण मग दरवाजा किती मिलिमीटरपर्यंत खरा, हे विचारायचं नाही. नीट काम करायचं तर उलट्या टोकापासून हिशेब सुरू होतो: आपल्याला किती बारीक दिसायला हवं? टाकीचा घाव दोन मिलिमीटर रुंद असेल तर त्यावर निदान तीन पिक्सेल पडायला हवेत. फुल-फ्रेम चोवीस मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सहा मायक्रॉनचा. ३५ मिमीची लेन्स लावून साडेतीन मीटरवर उभं राहिलं की दगडावर एक पिक्सेल ०.६ मिमीचा होतो. बरोबर बसलं. आता या अंतरावरून एका फोटोत ३.६ मीटर बाय २.४ मीटर भिंत मावते. शेजारच्या फोटोशी ऐंशी टक्के ओव्हरलॅप हवा, म्हणजे दर सत्तर सेंटिमीटरला एक पाऊल. वर-खाली साठ टक्के, म्हणजे तीन रांगा. दहा मीटर लांब, चार मीटर उंच भिंतीला रांगेत बारा याप्रमाणे छत्तीस फोटो. इथं पुष्कळ जण थांबतात आणि फसतात. सगळे फोटो भिंतीला समांतर घेतले तर लेन्सचा वाकडेपणा आणि भिंतीचा वाकडेपणा सॉफ्टवेअरला वेगळे करता येत नाहीत. सरळ भिंत मधोमध फुगून परातीसारखी होते. म्हणून तेवढेच फोटो डावीकडून तिरके, तेवढेच उजवीकडून. शंभराच्या वर गेलात तर ठीक चाललंय. लेन्स झूमची असेल तर रिंग चिकटपट्टीनं बांधून टाकायची, फोकस एकदा लावून तसाच ठेवायचा, स्टॅबिलायझेशन बंद, ॲपर्चर एफ ८, आयएसओ १००, तिपाई. पाहुण्यांचे फोटो काढताना जे जे मदतीला येतं ते इथं घात करतं.

नागपूरचं ऊन हा वेगळाच विषय. सावलीची कड फोटोत दगडाच्या कडेसारखीच ठसठशीत दिसते, आणि ती सरकते. सकाळी नऊला सुरू करून साडेअकराला संपवलेल्या भिंतीवर सावल्यांचे दोन नकाशे एकावर एक छापले जातात. उपाय ठरलेला: ढगाळ दिवस, नाही तर सूर्य भिंतीवर यायच्या आधीचा पाऊण तास. उत्तरेच्या भिंतीला ही कटकट नाही असं पुस्तकं सांगतात, पण ती पुस्तकं कर्कवृत्ताच्या बऱ्याच वर राहणाऱ्यांनी लिहिलेली असतात. नागपूर २१.१५ अंशांवर आहे. २६ मेच्या सुमारास सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो, मग १७ जुलैपर्यंत भरदुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या भिंतीवर अगदी घासून ऊन येतं आणि प्रत्येक खवल्याची हातभर सावली पाडतं. त्यात मे महिना. किरण फेकून अंतर मोजणारे पुष्कळ लेझर स्कॅनर चाळीस अंशांपर्यंतच चालवायचे असं त्यांच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे सकाळी अकराला पारा त्याच्या पुढं जातो. मापाला ठेवलेली ॲल्युमिनियमची मीटरपट्टीसुद्धा गप्प बसत नाही: जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तीस अंशांचा फरक धरला तर ती ०.७ मिमी वाढते. ज्या भिंतीचा तडा वर्षभरात अर्धा मिलिमीटर रुंदावला का हे बघायचंय, तिथं पट्टीनंच फितुरी केली तर काय करायचं! अशा कामाला कार्बन फायबरची पट्टी घेतात. महाग आहे, पण तिच्या वाढण्याकडे दुर्लक्ष करता येतं.

प्रत्येक दगडाचा, प्रत्येक पृष्ठभागाचा स्वभाव निराळा. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा पांढरा घुमट डोळ्यांना किती शांत वाटतो. नेमकी तीच शांतता सॉफ्टवेअरला भोवते. दोन फोटोंतला एकच बिंदू ओळखायला त्याला डाग, भेग, खडबडीतपणा लागतो, आणि पांढऱ्याशुभ्र वक्र पृष्ठभागावर एक जागा दुसरीसारखीच असते. तिथं लेझर स्कॅनर बरा. उलट आपला काळा बेसाल्ट लेझर गिळतो. पावसानं ओला झालेला तर विचारूच नका, परत येणारा किरण इतका मंद असतो की भिंतीवर केस उगवल्यासारखे बिंदू पसरतात. म्हणजे घुमटाला स्कॅनर, काळ्या दरवाज्याला कॅमेरा, आणि जमलं तर दोन्हीकडं दोन्ही. आणि शेंदूर! पिढ्यान्‌पिढ्या लेपलेल्या मारुतीचं मॉडेल करा, सॉफ्टवेअर शेंदराचं मॉडेल करून देईल. तेल पिऊन चकाकणाऱ्या त्या लेपावर दिव्याची झळाळी फोटोगणिक जागा बदलते आणि मूर्तीच्या पोटावर नसलेले खड्डे पडतात. दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या काचा, लावले की झळाळी मरते, खड्डे बुजतात. आतली मूर्ती तरीही आतच राहते. शेंदराखाली नाक कसं आहे ते संगणकाला माहीत नसतं. पुजाऱ्याला विचारलं तर तो सांगतो, आजोबांच्या वेळी एकदा खोळ गळून पडली होती तेव्हाचं.

मोजमापाला टेकू कुठला द्यायचा, याचं उत्तर नागपूरकरांना रोज रस्त्यात दिसतं. झिरो माईलच्या खांबाजवळच्या दगडावर नोंदलेली समुद्रसपाटीपासूनची उंची आहे १०२०.१७१ फूट. फुटाचे तीन दशांश, म्हणजे शेवटचा आकडा मिलिमीटरच्याही तिसऱ्या हिश्शाचा. पातळीयंत्र आणि पट्ट्या घेऊन, पावलापावलानं समुद्रापासून चालत आणलेला आकडा. आज खिशातला फोन उपग्रहांवरून उंची सांगतो. पण उपग्रहाला समुद्र माहीत नसतो, गणितातला लंबगोल माहीत असतो. आपल्या भागात तो लंबगोल समुद्रपातळीच्या पन्नास मीटरहून जास्त वर आहे. ही दुरुस्ती लावायची राहिली की ड्रोनवरून केलेलं मॉडेल वीस मजली इमारतीइतकं जमिनीत रुततं. एकट्या वाड्यापुरतं त्याचं कोणाला काही वाटत नाही. तलावाची पातळी, जुनं भुयार आणि वाड्याचा पाया एकाच नकाशात आणायची वेळ आली की मग डोक्याला हात लावायची पाळी. म्हणून दरवाज्यावर कागदी लक्ष्यं चिकटवायची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची, आठ तरी. टोटल स्टेशन या कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रानं ती मोजायची. त्यातली पाच सॉफ्टवेअरला सांगायची आणि तीन लपवून ठेवायची. मॉडेल झाल्यावर लपवलेल्या तिघांना विचारायचं, बाबा रे, तू आहेस तिथंच दिसतोयस का? पुष्कळ अहवालांत फक्त सांगितलेल्या बिंदूंची चूक छापलेली असते. म्हणजे पेपर फोडून घेतलेली परीक्षा.

नागपुरात बसून हे सगळं लिहिताना मन पुन्हा पुन्हा एका जळालेल्या इमारतीकडं जातं. भोसल्यांचा महालातला राजवाडा काळ्या दगडाचा, लाकडाच्या कोरीवकामानं मढलेला. १८६४ मध्ये तो जळाला आणि नगारखान्याचं दार तेवढं राहिलं. त्याच्या सहा वर्षं आधी, १८५८ मध्ये, जर्मनीतल्या वेट्झलारच्या कॅथेड्रलचं मोजमाप घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला. जीव मुठीत धरून कपारीवर चढण्यापेक्षा फोटो काढावेत आणि फोटोवरून मापं काढावीत, हे त्याच्या डोक्यात तेव्हा आलं. पुढं १८८५ मध्ये प्रशियन सरकारनं त्यासाठी बर्लिनला संस्थाच काढून दिली, आणि जुन्या इमारतींच्या सुमारे वीस हजार काचपट्ट्या जमल्या. वेट्झलारची कल्पना आणि महालातली आग यांच्यामध्ये सहा वर्षांचं अंतर, पण ती कल्पना महालापर्यंत यायला तेवढी पुरणार नव्हती. पॅरिसच्या नोत्र-दामचं नशीब वेगळं. १५ एप्रिल २०१९ ला तिचं छप्पर जळालं, तेव्हा अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकारानं काही वर्षं आधी घेतलेले लेझर स्कॅन उपलब्ध होते, अब्जाहून अधिक बिंदूंचे. तो स्वतः आगीच्या आदल्या वर्षीच वारला होता. अफगाणिस्तानातले बामियानचे बुद्ध २००१ मध्ये उडवले गेले, त्यांच्यातल्या मोठ्याचं मॉडेल झुरिकच्या मंडळींनी उभं केलं ते ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कोस्टकानं १९७० मध्ये मोजमापाच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या तीन फोटोंवरून. तीनच. पण काढताना त्यानं कॅमेऱ्याची मापं जपली होती. पर्यटकांच्या ढीगभर फोटोंपेक्षा ते तीन भरवशाचे निघाले.

मग आपला राजवाडा संगणकात उभा करता येईल का? येईल, आणि भीती त्याचीच आहे. वाड्यांचं एक बरं असतं: त्यांना व्याकरण आहे. दोन खांबांमधला खण हे माप. खणांवरून सोपा म्हणजे ओसरी, सोप्यांवरून चौक. लाकडी खांब जळाला तरी त्याखालचा दगडी तळखडा राहतो. दोन तळखडे सापडले की खण कळतो, तिसरा सापडला की खण सगळीकडं सारखा होता का हे कळतं. दगडी भिंतीत तुळईच्या खाचा असल्या की मजल्याची उंची मिळते. खाचेच्या रुंदीवरून तुळईची जाडी, जाडीवरून ती किती लांब पसरू शकली असेल याचा अंदाज. जुन्या फोटोतल्या समांतर रेषा वाढवत नेऊन त्या जिथं मिळतात तिथून कॅमेरा कुठं होता ते काढता येतं. त्यात एखादी अजून उभी असलेली कमान दिसत असली तर तिच्या मापावरून शेजारच्या जळून गेलेल्या खिडकीचं मापही. इथपर्यंत पायाखाली दगड असतो. त्यापुढं जिना कुठून होता, वर कौलं होती की माळवद, लाकडात कोरलेल्या केळफुलांना रंग होता का, हे शेजारच्या, त्याच काळातल्या वाड्यांवरून उसनं घ्यावं लागतं. आणि त्याहीपुढं कारंजी, झुंबरं, पांढरे घोडे सुरू होतात. हे घोडे मॉडेल करणाऱ्याला फार आवडतात. दाखवणाऱ्यालाही.

जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचं नववं कलम सांगतं की जिथं तर्क सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे. दगडाच्या बाबतीत हे ठीक, कारण चुकीचा दगड बसवला की मूळ दगड गेला. संगणकात मात्र तर्क करायलाच तर बसायचं असतं. तीन तऱ्हेची छपरं चढवून कुठलं तोललं जातं, कुठल्यात दुपारी चौकात ऊन येतं, हे विनाखर्च बघता येतं, काहीही न पाडता. म्हणून अशा संगणकी मॉडेलांबद्दलच्या २००६ च्या लंडन सनदेनं वेगळी अट घातली: तर्क करा, पण केला हे नोंदवून ठेवा, कुठल्या पुराव्यावरून आणि कुठला पर्याय का टाकला ते. या नोंदींना पॅराडेटा म्हणतात. सोपी रीत रंगांची आहे. मोजलेलं ते दगडाच्या रंगात, फोटो-नकाशांवरून काढलेलं एका रंगात, सारख्या वाड्यांवरून घेतलेलं दुसऱ्या, निव्वळ अंदाज तो फिकट राखाडी. असं रंगवलेलं मॉडेल पहिल्यांदा पाहिलं की वाईट वाटतं. एवढंच ठाऊक आहे आपल्याला? बहुतेक वाडा राखाडी? उद्घाटनाला मंत्री येणार असतील तर राखाडी वाडा कोणी पडद्यावर लावत नाही, हेही खरंच.

छज्ज्याच्या बाबतीत उपाय तसा किरकोळ होता. पॉयसनच्या जाळीला प्रत्येक ठिकाणी बिंदूंची दाटी किती, याचा आकडा जोडलेला असतो. दाटी ठरावीक मर्यादेखाली असलेली जाळी कापून टाकली की पडदा गळून पडतो आणि भोक दिसतं. छज्जा वरून उघडा, हस्तांच्या माथ्यावर पोकळी, दातपडक्या तोंडासारखा. कुरूप, पण खरा. मग सहा मीटरचा रंगाऱ्याचा बांबू, त्याच्या टोकाला छोटा कॅमेरा, फोनवरून चाप. शहरात ड्रोन उडवायचा तर आधी सरकारच्या ड्रोन-नकाशात आपला भाग कुठल्या रंगात येतो ते बघा, विमानतळापासून बारा किलोमीटर मोजा. दीड फुटाच्या छज्ज्यासाठी बांबूच बरा. दर पंचवीस सेंटिमीटरला एक, असे दोन फेऱ्यांत चोवीस फोटो. छज्ज्याच्या पुढच्या कडेवर चार लक्ष्यं, वरूनही दिसतील आणि रस्त्यावरूनही, म्हणजे नवे फोटो जुन्या ढगाला बिनचूक शिवले जातात. एवढी सोय नसली की दोन मॉडेलं शेजारी शेजारी तरंगत राहतात, एकमेकांना ओळखत नाहीत.

वर कबुतरांची विष्ठा होती, एक कापलेला पतंग, मांजाचं गुंडाळं आणि सांध्यातून बोटभर जाडीचा पिंपळ. त्याच्या मुळानं पुढची कड उचलली होती. आडवा छेद काढला तेव्हा छज्ज्याचा माथा दीड फुटात अर्धा इंच कलला होता, बाहेर नाही, भिंतीकडं. पाणी रस्त्यावर पडतच नव्हतं. मागं सरकून भिंतीच्या सांध्यात उतरत होतं.

काकांनी छेदाची ती रेघ बराच वेळ पाहिली. चष्मा पुन्हा कपाळावर गेला. "तरीच म्हणतो," ते आतल्या सोप्याकडं बघत म्हणाले, "मागची भिंत दर पावसाळ्यात कशी काय फुगून राहिली."